पुढच्या सीटची उंची

१ जानेवारी २०२५, बुधवार. पहाटे ४.४०
ही वही कोणाला दाखवण्यासाठी नाही. छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने स्वतःशीही पुराव्यानिशी बोलावे, एवढाच हेतू.

वस्तुस्थिती अशी. आमचा मुलगा हर्षद जाऊन चौदा महिने झाले. डेंग्यू, सहा दिवस. त्याची टँडम, म्हणजे दोन सीटांची एकच सायकल, आमच्या पार्ल्याच्या घरात पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. अशा सायकलवर पुढे डोळस पायलट बसतो, मागे दृष्टिहीन स्पर्धक. मागे सिद्धेश बसत असे. सिद्धेश आहे. सायकल आहे. पुढची जागा रिकामी आहे.

ती जागा भरण्यास मी पात्र आहे. १९८१ साली मी विद्यापीठाच्या संघातून सायकल चालवली आहे. सायकल माझ्याच घरात आहे. वय चौसष्ट, पण वयाचा मुद्दा येथे विषयांतर ठरतो.

२ मार्चला खारघरला पहिली निवड चाचणी. वीस किलोमीटर, चौतीस मिनिटांच्या आत. जमले तर सिद्धेश राष्ट्रीय स्पर्धेला जाईल. गेल्या वर्षीची त्याची चुकली. लागोपाठ दुसरीही चुकली तर सराव-शिबिरातली जागा जाते, असा नियम आहे. तो एकोणतीस वर्षांचा आहे. त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहण्याइतका वेळ नाही.

संकल्प: रोज चाळीस किलोमीटर. साखर बंद. तळलेले बंद.

सायंकाळची भर: पत्नीला, सुलक्षणाला, निर्णय सांगितला. तिने प्रतिवाद केला नाही. एवढेच म्हणाली की, अहो, सायकल बाहेर न्याल तेव्हा सांगा, चौदा महिन्यांत तिच्यामागची फरशी पुसलेली नाही.

४ जानेवारी, शनिवार
पहिला सराव. आरे कॉलनीचा रस्ता. सिद्धेश पहाटे सव्वापाचला चकाल्याहून रिक्षाने आमच्या फाटकाशी आला. अंधेरीच्या एका दवाखान्यात तो फिजिओथेरपिस्ट आहे. बोटांनी माणसाचे स्नायू वाचतो आणि त्याचा त्याला थोडा गर्व आहे.

मला काका म्हणू नकोस, रस्त्यावर पायलट म्हण, असे मी सुचवले. तो म्हणाला, बरं, काका पायलट.

सीटवर चढताना फाटकाच्या कट्ट्याचा आधार घेतला. आधार घेणे ही शिस्त आहे, दुर्बलता नव्हे.

पायलटने पुढचा रस्ता मोठ्याने सांगायचा असतो. मी सांगितले की, समोर अंदाजे वीस मीटरवर डाव्या अंगाला एक उंचवटा संभवतो. वाक्य पूर्ण होण्यापूर्वी आम्ही उंचवट्यावरून गेलो होतो. सिद्धेश म्हणाला, काका, तुम्ही निबंध वाचताय आणि मी खड्ड्यात आहे. हर्षद काय म्हणायचा, असे मी विचारले. नुसतं ‘टेप’ म्हणायचा, गतिरोधक असला की. खड्डा असला की ‘खड’. पाय थांबवायचे असले की ‘सोड’. मी म्हणालो की, अर्धवट शब्दांतून अर्धवट अर्थ जातो. तो म्हणाला, पोचायचा ना.

अकरा किलोमीटर झाले. चाळीसचा संकल्प साप्ताहिक सरासरीचा आहे, हे येथे स्पष्ट करून ठेवतो.

५ जानेवारी, रविवार
विश्रांती. विश्रांती हा सरावाचाच घटक आहे.

८ जानेवारी, बुधवार
सिद्धेशची एक तक्रार. मागच्या माणसाचे हँडल पुढच्या सीटच्या दांडीला क्लॅम्पने आवळलेले असते. त्यामुळे पुढचा माणूस सीटवर हलला की मागच्याच्या मनगटांत कळते. तो म्हणतो, काका, तुमची कंबर घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवी चालली आहे. पाय खाली पुरत नाहीत तुमचे. सीट खाली घ्या.

हर्षद पाच फूट अकरा होता, आईच्या माहेरचा बांधा. मी पाच फूट सहा. दांडीवर, सायकलच्या नळीच्या तोंडाशी, त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळून आपल्या मापाची खूण केलेली आहे. त्या मापावर दोन राष्ट्रीय पदके आली. सिद्ध झालेले माप बदलायचे असेल तर पुराव्याचा भार बदलू पाहणाऱ्यावर असतो. सिद्धेशने पुरावा दिला नाही. केवळ मनगटे पुढे केली.

सीट आहे तिथेच राहील.

१४ जानेवारी, मंगळवार
तिळगूळ साखरेत मोजत नाही. चार वड्या.

१६ जानेवारी, गुरुवार
आज एका गोष्टीचा उलगडा झाला. सिद्धेश जोर लावत नाही.

युक्तिवाद असा. दोघे जोर लावत असते तर सायकल वेगात गेली असती. सायकल वेगात जात नाही. मी जोर लावतो, हे माझ्या मांड्यांवरून निर्विवाद आहे. म्हणून दुसरा लावत नाही. यात दोष सापडत नाही. दोनदा तपासले.

त्याला सांगायचे कसे, हा प्रश्न आहे. मुलगा हळवा आहे.

१८ जानेवारी, शनिवार
प्रयोग केला. त्याला न सांगता मी पाय हलके सोडले. टँडमवर चारही पेडल साखळीने जोडलेली, त्यामुळे जोर न लावताही पाय फिरत राहतात. दोन मिनिटे मी काहीच केले नाही. वेग तसाच राहिला. यावरून माझ्या आधीच्या श्रमाचा संवेग किती टिकतो हे दिसते.

नंतर त्याला म्हणालो, तू दोन मिनिटे पाय हलके सोड. तो म्हणाला, नको काका, चढ आहे. मी आग्रह धरला. सायकल चढावर जवळजवळ उभी राहिली, मागून एक दूधवाला हॉर्न वाजवत गेला आणि आपल्या गाडीवरून वळून पाहत राहिला. वारा समोरून होता.

सिद्धेश हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते.

१९ जानेवारी, रविवार
पाऊण दिवस पडून. कंबर. सुलक्षणाने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. पडल्या पडल्या हर्षदच्या कारकिर्दीचे टिपण करून ठेवतो. कोठेतरी सलग लिहिलेले असावे.

चौदाव्या वर्षी सायकल. सतराव्या वर्षी राज्य ज्युनियरमध्ये तिसरा. तेविसाव्या वर्षी राष्ट्रीय रोड रेसमध्ये एकट्याने चौथा. पुढच्या वर्षी पहिल्या तिघांत येईल, असे सगळे म्हणत होते. पुढच्या वर्षी त्याने स्वतःची रेसिंग सायकल विकली आणि ही टँडम घेतली. बोरीवलीच्या एका शर्यतीत त्याला सिद्धेश भेटला होता. मागे बसायला तयार, पुढे कोणी नाही. त्यानंतर चार वर्षे. एक रौप्य, एक कांस्य. निकालपत्रकात नाव सिद्धेशचे, आणि त्यापुढे ‘व पायलट’.

मी तेव्हा त्याला घरी समोर बसवून समजावले होते. निकालात ज्याचे नाव नाही, तो स्पर्धक नव्हे. पायलटचे नाव निकालात नाही. म्हणून पायलट स्पर्धक नव्हे, आणि तू चार वर्षे कोणत्याही स्पर्धेत उतरलेला नाहीस. तो शेवटपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, बाबा, लॉजिक बरोबर आहे तुमचं. पण मागे सिद्धेश बसलेला असतो.

मी म्हणालो की, हे उत्तर मुद्द्याला धरून नाही. ते धरून नव्हतेच. वाद मी जिंकला.

त्यानंतर त्याने एकदा विचारले होते. बाबा, रविवारी आरेला येता का, एक राउंड मारा पुढे बसून, सीट तुमच्या मापाने करून ठेवतो. त्या रविवारी मी मुलुंडला एका वादविवाद स्पर्धेचा परीक्षक होतो. विषय आता आठवत नाही.

२५ जानेवारी, शनिवार
चौदा किलोमीटर. प्रगती. शेवटी सिद्धेश म्हणाला की, काका, तुम्ही बोला, नाहीतर मला वाटतं सायकल एकटीच चाललीय.

१ फेब्रुवारी, शनिवार
घड्याळ लावले. वीस किलोमीटर, बेचाळीस मिनिटे. आठ मिनिटे कमी करायची आहेत. चार आठवडे आहेत. आठवड्याला दोन मिनिटे. गणित सरळ आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
सुलक्षणाने आज चहा देताना विचारले की, सिद्धेश तुम्हाला रोज घरी आणून सोडतो, हे तुम्हाला कळतं ना. मी म्हणालो की, वाक्याची रचना उलटी झाली आहे. पायलट मी आहे. तिने बशी उचलली आणि आत गेली. तेहतीस वर्षांच्या संसारात तिने एकही वाद पूर्ण केलेला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
त्रेचाळीस मिनिटे. टायरमध्ये हवा कमी होती असे माझे मत. सिद्धेशने अंगठ्याने टायर दाबला आणि म्हणाला, हवा आहे, काका.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार
खंडू नावाचा एक गृहस्थ आला. वय एकतीस, अग्निशमन दलात, देवनारला राहतो. हर्षदच्या क्लबात होता. ठेंगणा, पण पोटऱ्या दगडासारख्या. सुलक्षणाने मला न विचारता पोहे केले आणि त्याला दुसऱ्यांदा वाढले.

म्हणाला, सर, ड्युटी सोडून आठवड्याचे चार दिवस मोकळे असतात मला. मला पुढं बसवा. सायकल तुमचीच राहील, रोज आणून लावीन इथं. चाचणीला तीन आठवडे आहेत, सर, सिद्धेशचं वर्ष जाईल.

मी त्याला शांतपणे समजावले. ही सायकल एका संघाची आहे. संघ दोघांचा आहे. दोघांपैकी एक मी आहे. म्हणून तिसऱ्याचा प्रश्न उपस्थित होत नाही. तो म्हणाला, सर, मला एवढं फिरवून कळत नाय. आग लागली की आम्ही कोण जवळ आहे ते बघतो, कोणाची शिडी ते नंतर. मी म्हणालो की, उपमा म्हणजे पुरावा नव्हे. तो उठला, पॅसेजमध्ये सायकलजवळ थांबला, काळ्या चिकटपट्टीवर एकदा बोट ठेवले आणि गेला.

सुलक्षणा दिवसभर बोलली नाही. हा कट असावा. पुरावा नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सिद्धेशला खंडूविषयी विचारले. तो म्हणाला, मी नाही पाठवलं त्याला. एवढेच. मी म्हणालो, मग प्रश्न मिटला. तो म्हणाला, मिटला असेल.

एकेचाळीस मिनिटे पन्नास सेकंद. आलेख वर चालला आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
कंबर. सराव रद्द. शेवटच्या आठवड्यात शरीर ताजे ठेवावे असे तज्ज्ञांचे मत आहे. कोणत्या तज्ज्ञांचे ते वहीत लिहिण्याची गरज नाही.

१ मार्च, शनिवार. सायंकाळ
सायकल पुसली. साखळीला तेल. हर्षदचे हेल्मेट मला सैल होते, आत रुमाल घातला. सिद्धेशचा फोन आला की झोप नीट घ्या. मी त्याला म्हणालो की, उद्या तूही थोडा जोर लाव. तो म्हणाला, लावतो, काका.

२ मार्च, रविवार. दुपारी ३
खारघर. टेम्पोतून सायकल नेली. सकाळी सव्वासातला सोडले.

पहिले सहा किलोमीटर मी म्हटल्याप्रमाणे गेले. सातव्याला डाव्या कमरेत कळ आली. पेडल तळाला जाई तेव्हा पाय पुरेनासा झाला. मी सरकून सरकून पुरवत होतो. नवव्याला उजव्या मांडीत गोळा आला आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. तो शब्द नव्हता.

मागून सिद्धेश बोलला. काका, जोर सोडा. पाय फिरतील तसे फिरू द्या. हँडल सरळ धरा आणि फक्त बोला. मी विचारले, काय बोलू. तो म्हणाला, रस्ता. छोटा बोला.

अकरा किलोमीटर मी काही केले नाही. पाय त्याच्या जोराने फिरत होते. मी ‘खड’ म्हटले. ‘डावं’ म्हटले. एका ठिकाणी ‘टेप’ म्हटले, आणि मागचे वजन त्याच क्षणी सीटवरून उचलले गेले, जसे दोन माणसांना एकच पाठ असावी. मला वाटले होते की अर्धवट शब्दांतून अर्धवट अर्थ जातो.

एकेचाळीस मिनिटे बारा सेकंद. आठांपैकी आठवे.

निकालाचा कागद भिंतीवर चिकटवला होता. या वर्षीपासून पायलटसाठी वेगळा रकाना आहे. नाव पूर्ण छापतात. माझे नाव बिनचूक छापले आहे.

टेम्पो यायला वेळ होता. आम्ही फुटपाथवर बसलो. सिद्धेश सरबत प्यायला आणि मी विचारले की, तू जोर लावत होतास का. तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून. मी म्हणालो, मग सांगितले का नाहीस. तो म्हणाला, काका, वर्षभर खंडूला मीच नाही म्हणत होतो. तो तुम्हाला भेटायच्या आधीपासून. मलापण तिथं दुसरं कोणी बसायला नको होतं. तुम्ही बसलात तर वाटलं, चला, घरातलं तरी आहे कोणीतरी.

मग म्हणाला, दुसरी चाचणी तेवीसला आहे. शेवटची.

मी मांडी चोळत होतो. त्याला ते दिसले नाही, पण कळले असावे. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोटांनी तो गोळा शोधून दाबला. फार दुखले.

३ मार्च, सोमवार
१६ जानेवारीचा युक्तिवाद पुन्हा वाचला. आकार निर्दोष आहे. तिसरे विधान खोटे आहे.

५ मार्च, बुधवार
खंडूला फोन केला. काय बोलायचे ते तीन मुद्द्यांत लिहून ठेवले होते. त्याने उचलला आणि मी मुद्दे न वाचता म्हणालो की ये. तो म्हणाला, आलो, सर.

६ मार्च, गुरुवार. सायंकाळ
खंडू आणि सिद्धेश, दोघे आले. खंडू माझ्याहून दोन बोटे बुटका. सीट बरीच खाली घ्यावी लागणार. सीटचा बोल्ट सैल करायची ॲलन की खंडूने माझ्याकडे मागितली. मी म्हणालो, मी करतो.

दांडी खाली सरकायची तर चिकटपट्टी काढावी लागते, ती नळीत शिरत नाही. नखाने सोलली. गोंद चिवट होता. सुलक्षणा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. तिने हात पुढे केला आणि मी चिकटपट्टी तिच्या हातात दिली.

मग सिद्धेशच्या हँडलचा क्लॅम्पही सैल करावा लागला, कारण तो त्याच दांडीवर आहे. तो वर सरकवला तसा सिद्धेशने सवयीने दांडीवरून बोट फिरवले आणि थांबला. काका, इथे अजून एक रेघ आहे. चाकूने कोरलेली.

क्लॅम्पखाली झाकली गेली होती. रोज पुसूनही मला दिसणे शक्य नव्हते.

सिद्धेश म्हणाला, ही त्यानं माझ्यासमोर कोरली, आरेला, शनिवारी. म्हणाला, उद्या बाबा येणारेत. मग रविवारी नऊपर्यंत थांबलो आम्ही. पुन्हा सीट वर घेतली आणि गेलो.

मी दुसरी काही उपपत्ती शोधली. ती रेघ कंपनीची असू शकते. ती दुसऱ्या कोणासाठी असू शकते. खंडूने मोजपट्टी आणून अंतर मोजले. चिकटपट्टीच्या जागेपासून वर सहा सेंटीमीटर. सिद्धेश म्हणाला, बसून बघा.

रेघ नळीच्या तोंडाशी येईपर्यंत मी सीट खाली घेतली. खंडूने सायकल धरली. मी बसलो, कट्ट्याच्या आधाराशिवाय. पाय खाली गेला आणि पुरला. टाच टेकली, गुडघा जरासा वाकलेला, जसा असावा तसा. माझी उंची त्याने कधी मोजली, मला माहीत नाही. विचारले असते तर मी सांगितली असती.

मी उतरलो आणि सीट आणखी दीड सेंटीमीटर खाली, खंडूच्या मापावर आवळली. रेघ नळीत गेली.

खंडूला सांगितले की, लांब वाक्ये बोलू नकोस.

२३ मार्च, रविवार. सकाळी ९.१०
मी गेलो नाही. कंबर हे कारण पुरेसे आहे.

सिद्धेशचा फोन आला. तेहतीस मिनिटे एकेचाळीस सेकंद. मागे खंडू ओरडत होता की, सर, टेपला टेपच म्हटलं. पायलटच्या रकान्यात त्याचे नाव आहे. सायकल काही दिवस देवनारलाच ठेवू का, असे सिद्धेशने विचारले. ठेवा म्हणालो.

सुलक्षणाला सांगितले. तिने ऐकले आणि चहा ठेवायला गेली. पॅसेज आता मोकळा आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. फरशी पुसलेली आहे. तरी ती हँडल लागू नये म्हणून अंग तिरके करून गेली, आणि चहा घेऊन येतानाही तशीच आली.

कप ठेवायला मी उठलो. मीही तिरकाच गेलो.